पावसाच्या आकड्यालाही खूणचिठ्ठी हवी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो : “किती झाला ?” पूर्वी या प्रश्नाचे उत्तर तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापकावरून मिळत असे आणि ते गावापर्यंत पोहोचण्यास वेळ लागे. आता महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा, शेजारच्या बागायतदाराने आपल्या मळ्यात बसविलेल्या यंत्राचा आकडा आणि शाळेच्या आवारातील साध्या पर्जन्यमापकाचा आकडा, असे तीन तीन आकडे न्याहारीपूर्वीच मोबाईलवर येऊन पोहोचतात. माहितीची ही सुबत्ता स्वागतार्ह होय. अडचण इतकीच की हे आकडे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यांपैकी कोणत्यावर किती भरवसा ठेवावा हे सांगणारी एक ओळही त्यांच्यासोबत आलेली नसते.

समजा, एका गावात असेच तीन आकडे आले. मंडळाच्या केंद्रावर ८२ मिलिमीटर, शाळेत ४६ मिलिमीटर आणि मळ्यातील यंत्रावर शून्य. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. ज्या शेतकऱ्याने ८२ हा आकडा धरला तो तिफण बाहेर काढील. ज्याने ४६ धरला तो थांबेल. पहिल्याचा आकडा खोटा ठरला व पावसाने उघडीप दिली तर त्याच्या कपाळी दुबार पेरणी येईल. दुसऱ्याचा आकडा खोटा ठरला तर त्याचा चांगला वाफसा हातचा जाईल. कोणी तडजोड म्हणून तिन्ही आकड्यांची सरासरी काढली तर ती ४२.७ मिलिमीटर येईल, आणि एवढा पाऊस त्या गावात कोठेच झालेला नसेल !

आता याच तीन आकड्यांबरोबर तीन छोट्या टिपा आल्या असत्या तर काय झाले असते ते पाहावे. “८२ : सकाळी साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस, यंत्राची तपासणी मे महिन्यात झाली.” “४६ : काल सायंकाळी सहा वाजेपर्यंतचा, रात्रीचा पाऊस यात नाही.” “शून्य : यंत्राच्या नरसाळ्यात पाला अडकलेला आढळला, नोंद ग्राह्य नाही.” एवढ्याने वाद मिटला असता. पहिले दोन्ही आकडे खरे होते, परंतु ते निरनिराळ्या वेळांचे होते; तिसरा आकडा पावसाचा नव्हे, तर पाल्याचा होता. जी माहिती शेतकऱ्याचा निर्णय बदलू शकते, ती आकड्यात नव्हती. ती त्याच्या टिपेत होती.

बियाण्याच्या पिशवीचा धडा

ही गोष्ट शेतकऱ्यांना नवी वाटू नये. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी, म्हणजे जिला सर्रास टॅग म्हणतात ती, लावलेली असते. तीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्तीचे प्रमाण, शुद्धता आणि तपासणीची तारीख दिलेली असते. बियाणे डोळ्यांना कितीही टपोरे दिसले तरी चिठ्ठीवाचून ते घेऊ नये, हे आता बहुतेकांस पटले आहे. चिठ्ठीवर उगवण ७० टक्के लिहिली आहे म्हणून कोणी ते बियाणे वाईट ठरवीत नाही. सोयाबीनसाठी ते किमान प्रमाणच आहे. उलट, उगवण किती आहे हे ठाऊक असल्याने एकरी बियाणे किती वापरावे ते ठरविता येते. दोष दडविलेल्या मालापेक्षा दोष सांगितलेला माल अधिक उपयोगी पडतो, तो असा.

हवामानाच्या नोंदींनाही हाच न्याय लागू आहे. तपमान, आर्द्रता, पाऊस, वारा किंवा जमिनीतील ओल मोजणाऱ्या यंत्रातील जो भाग प्रत्यक्ष मापन करतो, त्यास संवेदक किंवा रोजच्या बोलण्यात सेन्सर म्हणतात. संवेदकाने दिलेला आकडा हे बियाणे समजावे, व त्याच्या गुणवत्तेची माहिती ही त्याची खूणचिठ्ठी समजावी. चिठ्ठीवाचून आकडा दुसऱ्यास देऊ नये व घेऊही नये.

यंत्र चुकते ते कसे ?

यंत्र खोटे बोलत नाही, परंतु ते ज्या स्थितीत असते ती स्थितीच सांगते. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली दोन लहान पळ्या उलटसुलट बसविलेल्या असतात. एक पळी ठरावीक पाण्याने भरली की ती कलंडते, दुसरी तिच्या जागी येते आणि यंत्र एक खूण मोजते. एका खुणेस यंत्राच्या बनावटीप्रमाणे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस धरला जातो. रचना सोपी व उत्तम आहे. परंतु पळी कलंडत असतानाही वरून पाणी पडतच असते व त्यातील काही मोजणीत येत नाही. त्यामुळे मुसळधार पावसात असे यंत्र थोडा कमी पाऊस दाखविते. नरसाळ्यात पाला, पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचे जाळे किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर असेल तर पाणी अडते. मग पाऊस पडत असता शून्य नोंदले जाते, आणि पाऊस थांबल्यावर तासन्‌तास थेंब थेंब पाणी झिरपून उन्हातही पाऊस नोंदला जातो. कडक ऊन पडले असता दर थोड्या वेळाने एकेक खूण उमटत असेल, तर नरसाळे तुंबले आहे असे खुशाल समजावे.

तपमानाच्या संवेदकावर थेट ऊन पडता कामा नये. त्यासाठी त्याभोवती हवा खेळती राहील असे पांढरे आवरण असते. ते आवरण मळले, तडकले, किंवा यंत्र पत्र्याच्या छपराजवळ अथवा सिमेंटच्या गच्चीवर बसविले, तर यंत्र शिवाराचे नव्हे तर छपराचे तपमान सांगते. आर्द्रतेचा संवेदक धुळीने व फवारणीच्या औषधांनी हळूहळू बिघडतो. त्याच्या आकड्यांवरून केवडा रोगाची फवारणी ठरविणाऱ्या द्राक्ष बागायतदारास हा बिघाड वेळीच कळला नाही, तर एकतर औषध वाया जाते किंवा वेलीवर रोग येतो.

जमिनीतील ओल मोजणाऱ्या संवेदकाची गोष्ट निराळी आहे. काळी जमीन वाळली की भेगाळते. संवेदक व माती यांच्यामध्ये पोकळी पडली म्हणजे तो मातीची ओल सोडून पोकळीतील हवाच मोजू लागतो. हलक्या जमिनीत जुळवून घेतलेला संवेदक तसाच भारी जमिनीत पुरणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय. वाऱ्याच्या बाबतीत उंची महत्त्वाची असते. वेधशाळेत वारा सामान्यतः जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात. शेतातील यंत्र २ मीटरवर असेल तर त्याचा आकडा कमीच येणार. तो चुकीचा नसतो, परंतु उंची न लिहिल्यास तो दिशाभूल करतो.

५६ अंश व ९४४ मिलिमीटर

दोन उदाहरणे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

सन २०२४ च्या मे महिन्यात उत्तर व मध्य भारतात उष्णतेची तीव्र लाट आली होती. ३० मे रोजी नागपूर येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तपमान दाखविले व ती वार्ता क्षणार्धात सर्वत्र पसरली. भारतातील अधिकृत उच्चांक राजस्थानातील फलोदी येथील ५१ अंशांचा असून तो १९ मे २०१६ रोजी नोंदला गेला होता. नागपूर जिल्ह्यातील अन्य दोन केंद्रांवर त्याच दिवशी तपमान ४४ अंशांच्या आसपास होते. संवेदक बिघडल्यामुळे ५६ हा आकडा आला, असा खुलासा हवामान खात्याने पुढे केला. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीजवळील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखविले होते. प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहता तेथील संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे निष्पन्न झाले. दोन्ही वेळी तपासणी झाली व तिचा निष्कर्ष जाहीर झाला, हे योग्यच झाले. परंतु आकडा पुढे गेला आणि खुलासा मागून आला. आरंभीच त्या आकड्यास “तपासणी व्हावयाची आहे” एवढी चिठ्ठी असती तर लोकांचा गोंधळ पुष्कळ कमी झाला असता.

यावरून कोणी असा नियम काढील की शेजारच्या केंद्रांशी न जुळणारा आकडा टाकून द्यावा. तसे करणे तितकेच घातक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या पावसाची आठवण अजून ताजी आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याच्या वेधशाळेत केवळ ७३ मिलिमीटर. शेजाऱ्याशी जुळत नाही म्हणून सांताक्रूझचा आकडा कोणी खोडला असता, तर त्या प्रलयाचा पुरावाच नाहीसा झाला असता. तो आकडा खराच होता.

तात्पर्य, विलक्षण आकडा दिसताच तो खरा मानू नये व खोटाही मानू नये. त्यावर “संशयित” अशी खूण करावी, मूळ आकडा तसाच ठेवावा आणि चौकशी करावी. चौकशीअंती खूण बदलावी. आकडा बदलू नये. जुन्या नोंदवहीतही चुकीचा आकडा गिरवीत नसत. त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती व सही करीत. यंत्राच्या नोंदींसही तीच शिस्त हवी.

शून्य आणि “निरंक”

कचेरीच्या भाषेत “निरंक” हा शब्द फार सोयीचा आहे. पावसाच्या नोंदीत मात्र तो धोक्याचा ठरतो. “निरंक” म्हणजे पाऊस पडला नाही, की पावसाची नोंदच झाली नाही ? विजेरी उतरली, मोबाईलचे जाळे बंद पडले किंवा यंत्र दुरुस्तीस काढले, तर त्या दिवसाची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा कोणी शून्याने भरली की न पडलेला दुष्काळ कागदावर पडतो. उलटपक्षी, खरोखरीच कोरडा गेलेला दिवस “नोंद नाही” म्हणून सोडून दिला तर पावसातील खंड मोजता येत नाही.

यात शेतकऱ्याच्या हक्काचा प्रश्न गुंतलेला आहे. फळबागांसाठी असलेल्या हवामानावर आधारित विमा योजनेत शेतावर जाऊन पिकाची पाहणी करून भरपाई ठरत नाही. संदर्भ म्हणून नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ती ठरते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानण्यात येते. ज्या रात्री यंत्र बंद होते त्या रात्रीचा शून्य, किंवा नरसाळे अर्धे तुंबले असता नोंदलेले ६१ मिलिमीटर, हे आकडे शेकडो कुटुंबांच्या पदरात काय पडावे हे ठरवू शकतात. चुकीच्या नोंदीने केवळ शेतकऱ्याचेच नुकसान होते असेही नाही. एकदा खोटा आकडा उघडकीस आला की पुढचे दहा खरे आकडेही कोणी मानीत नाही.

चिठ्ठीवर काय असावे ?

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली सन २०१७ पासून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्याशिवाय उत्पादक संघ, शाळा व बागायतदार यांची यंत्रे वाढत आहेत. आपली नोंद दुसऱ्यास देताना पुढील गोष्टी सोबत द्याव्यात.

१. स्थान : गाव, गट, तसेच झाड, भिंत किंवा शेड किती अंतरावर आहे. अडथळा यंत्राच्या तोंडापेक्षा जितका उंच असेल त्याच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा.

२. उंची : संवेदक जमिनीपासून किती उंचीवर बसविला आहे.

३. यंत्राचा प्रकार : साधे की स्वयंचलित, एका खुणेस किती मिलिमीटर पाऊस धरला जातो.

४. वेळ : नोंद कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतची आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो व पाऊस त्या सकाळच्या तारखेस लिहिला जातो. काही यंत्रांचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले असते. त्यात व आपल्या वेळेत साडेपाच तासांचे अंतर पडते.

५. देखभाल : शेवटची सफाई व तपासणी केव्हा व कोणी केली.

६. गुणवत्तेची खूण : “खात्रीची”, “संशयित”, “चुकीची” अथवा “नोंद नाही”. या चार खुणा गावपातळीवर पुरेशा आहेत. “संशयित” असल्यास कारण एका वाक्यात लिहावे.

यांपैकी पहिल्या तीन गोष्टी एकदाच लिहावयाच्या असतात. यंत्राची जागा बदलली, शेजारी शेड उभी राहिली किंवा संवेदक नवा बसविला, की तो बदल तारखेसह नोंदवावा. तसे न केल्यास पाच वर्षांनी पाऊस कमी झाला की शेजारचे आंब्याचे झाड वाढले, हे कोणासही सांगता येणार नाही.

साधी तपासणी

खूण करण्यासाठी तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे काय ? आर्द्रता १०० टक्क्यांहून अधिक दाखविली आहे काय ? तपमान दिवसरात्र एकाच आकड्यावर अडकून बसले आहे काय ? दहा मिनिटांत ते दहा अंशांनी उडाले आहे काय ? पाऊस शून्य असता आर्द्रता रात्रभर शंभराजवळ आणि शेजारच्या सर्व केंद्रांवर पाऊस, असे झाले आहे काय ? हे पाच प्रश्न रोज सकाळी विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

पर्जन्यमापकाची परीक्षा पाण्याने करता येते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १० मिलिमीटर पावसाचे पाणी २०० मिलिलिटर भरते. तेवढे पाणी मापाने घेऊन अगदी सावकाश, अर्ध्या तासात ओतावे. एका खुणेस ०.५ मिलिमीटर धरणाऱ्या यंत्राने २० व ०.२ मिलिमीटर धरणाऱ्याने ५० खुणा मोजल्या पाहिजेत. क्षेत्रफळ निराळे असल्यास पाणी त्या प्रमाणात घ्यावे. खुणांत मोठा फरक पडल्यास यंत्र स्वच्छ करून पुन्हा पाहावे, आणि तरीही फरक राहिल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे. मंडळाच्या केंद्रावर मात्र परवानगीवाचून हात लावू नये. तेथे केवळ निरीक्षण करून कळवावे. या परीक्षेच्या वेळी एक गोष्ट न चुकता करावी : तारीख व वेळ लिहून त्या दहा मिलिमीटरवर “परीक्षेचे पाणी, पाऊस नव्हे” अशी खूण करावी. नाहीतर तपासणीच पावसात जमा व्हावयाची !

स्वयंचलित यंत्राशेजारी एक साधा पर्जन्यमापकही असावा. त्यास विजेरी लागत नाही व जाळे लागत नाही. दोहोंच्या महिन्याच्या बेरजा ताडून पाहिल्या की हळूहळू वाढणारा दोषही उघड होतो.

खूण आकड्याबरोबरच जावी

पुष्कळ ठिकाणी नोंदवहीत खूण असते, परंतु मोबाईलवर पाठविताना केवळ आकडा पाठविला जातो. पुढे तो हातोहात जातो आणि तिसऱ्या गावी पोहोचेतो “संशयित ९६” चा नुसता “९६” होतो. म्हणून आकडा व खूण एकाच ओळीत लिहावीत. खुणेसाठी निराळा संदेश पाठवू नये. ज्यास असा संदेश मिळेल त्याने तो पुढे पाठविताना काही गाळू नये. दोष नंतर आढळला तर ज्या ज्या ठिकाणी आकडा गेला त्या त्या ठिकाणी दुरुस्ती पाठवावी. असे करण्यात कमीपणा नाही. “कालची नोंद चुकीची होती” असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याच्या आजच्या नोंदीवर गाव अधिक विश्वास ठेवते.

हा विचार यंत्रयुगातच निघाला असेही नाही. ज्यांच्या नावाचा पर्जन्यमापक आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, ते इंग्लंडचे जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी सन १८६० पासून हौशी निरीक्षकांकडून पावसाच्या नोंदी गोळा करून प्रसिद्ध करण्याचे कार्य आरंभिले. त्यांच्या वार्षिक तक्त्यांत पावसाच्या आकड्यासोबत पर्जन्यमापकाचा व्यास, जमिनीपासूनची उंची व समुद्रसपाटीपासूनची उंचीही छापलेली असे. निरीक्षक अनेक, उपकरणे नाना प्रकारची. तरीही ते आकडे एकत्र मांडता आले, याचे कारण प्रत्येक आकडा आपली ओळख बरोबर घेऊन येत होता.

रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी बियाण्याची उगवण तपासण्याची चाल गावोगाव रुजली आहे. त्याच आठवड्यात गावातील प्रत्येक पर्जन्यमापकाचे नरसाळे स्वच्छ करावे, पाणी ओतून खुणा मोजाव्यात, यंत्राचे घड्याळ पाहावे आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्याचे स्थान, उंची व तपासणीची तारीख लिहावी. म्हणजे पहिल्या पावसानंतरच्या सकाळी “किती झाला ?” असे कोणी विचारले असता, आकड्याबरोबर तो कोठला, केव्हाचा व कितपत खात्रीचा हेही सांगता येईल.